यीस्टच्या पेशीतील युबिक्विटिनसदृश प्रथिने

‘युबिक्विटिनसदृश’ हे विशेषण प्रथिनाच्या घडणीसंबंधी आहे, कार्यासंबंधी नाही, हे प्रारंभीच ध्यानी घेतले पाहिजे. युबिक्विटिनचे नाव निघताच अभ्यासकाच्या मनात प्रथिनांच्या विनाशाची कल्पना उभी राहते, आणि ती अकारण नव्हे. ७६ ॲमिनो अम्लांचे हे लहानसे प्रथिन ज्या प्रथिनाच्या लायसीनवर साखळीरूपाने जडविले जाते, त्याची रवानगी बहुधा प्रोटिओसोमकडे होते. या शोधाबद्दल सिचॅनोव्हर, हर्श्को व रोझ यांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या, म्हणजे सॅकरोमायसीज सेरेव्हिसीच्या पेशीत याच घडणीची आणखी निदान सहा प्रथिने आहेत, आणि त्यांपैकी एकाचेही मुख्य काम प्रथिनाला प्रोटिओसोमच्या स्वाधीन करणे हे नाही.

या सर्वांचे साम्य ॲमिनो अम्लांच्या क्रमात शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. एसएमटी-३ व युबिक्विटिन यांच्या क्रमांत पाचवा हिस्साही समान नाही. तरीही दोहोंची त्रिमिती घडी एकच असते: बीटा-पट्ट्यांच्या पत्र्याने एक सर्पिल जणू मुठीत धरलेले. बहुतेकांच्या शेपटाशी ग्लायसीन असते आणि त्याच्या कार्बॉक्सिल गटाद्वारे ते लक्ष्याशी जोडले जाते. पहिले एंझाइम एटीपीच्या ऊर्जेने त्याला सक्रिय करते, दुसरे त्याला वाहून नेते व तिसरे लक्ष्याची निवड करण्यास साहाय्य करते.

यांतील सर्वांत अभ्यासिले गेलेले, आणि अजूनही कोड्यात टाकणारे, प्रथिन म्हणजे एसएमटी-३. अन्य प्राण्यांत त्यालाच सुमो म्हणतात. त्याचे जीन १९९५ साली सापडले ते जनुकीय मार्गाने: गुणसूत्रबिंदूशी निगडित अशा एमआयएफ-२ या जीनमधील दोषाचे परिणाम ते दडपते, म्हणून त्याला ते नाव मिळाले. ते युबिक्विटिनप्रमाणे इतर प्रथिनांना जोडले जाते, हे यीस्टमध्ये १९९७ साली दिसून आले. १०१ ॲमिनो अम्लांच्या या प्रथिनाची शेवटची तीन यूएलपी-१ हे एंझाइम प्रथम छाटते. मग एओएस-१ व यूबीए-२ यांची जोडी त्याला सक्रिय करते आणि यूबीसी-९ त्याला पुढे नेते. यांपैकी कोणतेही एक नष्ट केल्यास पेशी जगत नाही.

यावरून कोणी असे समजेल की, एखाद्या महत्त्वाच्या प्रथिनावरील सुमो काढून घेतल्यास पेशीची तशीच दशा होईल. वस्तुस्थिती निराळी आहे. मुकुलाच्या मानेभोवती सेप्टिन प्रथिनांचे कडे असते आणि पेशीविभाजनाच्या सुमारास त्याच्या मातृपेशीकडील बाजूवर सुमो मोठ्या प्रमाणात चढविला जातो. १९९९ साली जॉन्सन व ब्लोबेल यांनी सेप्टिनांतील संबंधित लायसीने बदलून टाकली. त्या पेशींतील सुमो-जोडणीचा बराच मोठा भाग नाहीसा झाला आणि जुनी कडी विरघळेनाशी झाली, परंतु पेशी जगल्या. बहुतेक लक्ष्यांच्या बाबतीत तर कोणत्याही क्षणी प्रथिनाचा अत्यल्प अंशच सुमोयुक्त आढळतो. एंझाइम गेले की पेशी मरते; जागा गेली तर बहुधा काहीच बिघडत नाही. हा विरोध कसा समजावा?

काही ठिकाणी एकेका जागेचेही महत्त्व निःसंशय दिसते. डीएनएच्या दुपटीकरणाच्या वेळी त्यावर कड्यासारखे सरकणाऱ्या पीसीएनए या प्रथिनातील १६४ क्रमांकाच्या लायसीनवर युबिक्विटिनही चढते व सुमोही, असे येंच यांच्या गटाने २००२ साली दाखविले. एकच युबिक्विटिन असेल तर इजा झालेल्या जागेवरून प्रमादशील पॉलिमरेज पुढे जाते; साखळी असेल तर प्रमादरहित मार्ग खुला होतो; आणि सुमो असेल तर एसआरएस-२ हे एंझाइम येऊन नको असलेले पुनःसंयोजन रोखते. एकाच लायसीनवर तीन निरनिराळे आदेश वाचले जातात.

व्यापक उत्तर मात्र २०१२ साली साख्ये व येंच यांनी सुचविले. डीएनएला इजा झाली की दुरुस्तीच्या कामी लागलेल्या प्रथिनांच्या संपूर्ण समूहावर सुमोचा जणू शिडकावा होतो. एकेकावरील सुमो गाळल्यास परिणाम नगण्य असतो, पण अनेकांवरील एकदम गाळल्यास दुरुस्ती मंदावते. कल्पना आकर्षक आहे, यात शंका नाही. तथापि तिच्यामुळे परीक्षणाचे काम अवघड होते, हेही मान्य केले पाहिजे. एक जागा बदलून काही घडले नाही तर ते तिच्या विरुद्ध प्रमाण ठरत नाही. मग विरुद्ध प्रमाण कोणते, हे प्रयोगकर्त्याने आधीच ठरवून घ्यावे लागते. शिवाय पेशी फोडताक्षणीच यूएलपी एंझाइमे सुमो सोडवू लागतात. म्हणून ट्रायक्लोरोॲसिटिक अम्लासारख्या विकृतीकारकाने ती तत्काळ निष्क्रिय केली नाहीत, तर ‘सुमो आढळला नाही’ या निष्कर्षाला काहीच अर्थ उरत नाही.

स्वभक्षणाच्या यंत्रणेत ही घडी दोनदा वापरलेली आहे. योशिनोरी ओसुमी यांनी १९९२ साली उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या रिक्तिकेत साचणारे पुटक सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले आणि पुढील वर्षी त्यात बिघाड झालेले वाण वेगळे केले. त्यातूनच १९९८ साली एटीजी-१२ चे एटीजी-५ शी होणारे कायमचे बंधन उघड झाले. २००० साली तर याहूनही अनपेक्षित गोष्ट आढळली: एटीजी-८ हे प्रथिनाला नव्हे, तर पटलातील फॉस्फॅटिडिल-इथॅनॉलअमाइन या लिपिडाला जोडले जाते. ओसुमींना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच संशोधनासाठी.

रब-१ हे कलिन प्रथिन सीडीसी-५३ वर चढते. या यीस्टला त्यावाचून चालते, शायझोसॅकरोमायसीज पॉम्बेला चालत नाही. हब-१ तर कोणाला सहसंयुजी बंधाने जोडलेच जात नाही, असे दिसते. ते नुसते चिकटून आरएनएच्या छाटजोडणीत भाग घेते.

उर्म-१ हे या सर्वांत पुरातन दिसते. यूबीए-४ त्याच्या शेपटाशी गंधक बसविते आणि तो गंधक काही वाहक आरएनएंच्या ३४ व्या जागेवरील युरिडिनला पोचविला जातो. जीवाणूंतील थायएस व एमओएडी ही प्रथिने हेच गंधकवाहनाचे काम याच घडीने व याच ग्लायसीन-शेपटाने करतात. तथापि उर्म-१ हे एएचपी-१ या प्रथिनाला जोडलेलेही २००३ साली आढळले आहे. अर्थात गंधक वाहणे आणि प्रथिनास चिकटणे ही दोन्ही कामे आजही एकाच रेणूत एकत्र नांदत आहेत.