प्लग बसला की 'खट्' का व्हावं?

आम्ही बोलायला उभे राहण्याआधी तुम्ही एक आवाज ऐकला असेल. साउंडवाल्या भाऊंनी माइकला केबल लावली आणि 'खट्' झालं. त्यांनी वाकून बघितलंसुद्धा नाही, सरळ पुढच्या कामाला लागले. आज आपण त्या 'खट्'बद्दलच बोलणार आहोत. काही प्लग लावताना हाताला बरं वाटतं, काही लावताना चीड येते. हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न आहे का? आमच्या मते नाही. जोडणी नीट झाली की नाही, हे डोळ्यांच्या आधी हाताला कळावं, यासाठी ते समाधान असतं.

सोमेश्वरनगरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हंगामात ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली जोडताना हुकाची पिन 'ठक्' करून खाली बसते. तो आवाज आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. विजेच्या प्लगचंही तसंच आहे, फक्त आवाज बारीक असतो.

आधी घरातला थ्री-पिन घेऊ. ही गोल पिनांची रचना मूळची ब्रिटिश, 1934 च्या मानकातली. ब्रिटनने 1947 साली स्वतःसाठी चौकोनी पिनांचा नवा प्लग आणला, आपण गोल पिना ठेवल्या. आता प्लग हातात घेऊन बघा. वरची अर्थिंगची पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब आणि जाड आहे. का? लांब आहे म्हणून प्लग आत जाताना ती सगळ्यात आधी जुळते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. म्हणजे फेज पोचण्याआधी संरक्षण पोचलेलं असतं. जाड आहे म्हणून ती चुकून फेजच्या भोकात जात नाही. नव्या सॉकेटमध्ये आत झडपा असतात. अर्थिंगची पिन त्या उघडते, तेव्हाच बाकीच्या दोन पिनांना वाट मिळते. प्लग ढकलताना आधी जो थोडा विरोध लागतो, त्यात या झडपांचाही वाटा असतो.

आणि आपण काय करतो? टॉप मोडला की वायरची टोकं सोलतो, सॉकेटच्या भोकात खोचतो आणि वरून काडेपेटीची काडी दाबतो. हसू नका, आपल्यातल्या बहुतेकांनी हे केलेलं आहे. यात अर्थिंग गेलं, झडपेचा उपयोग गेला आणि पकडसुद्धा गेली.

ही पकड सैल झाली तर काय होतं, याचा हिशोब करू. पाणी तापवायचा 2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर करंट घेतो. सॉकेटमधली पितळी पट्टी पिनेला घट्ट धरून असेल, तर त्या जागेचा रोध अगदी नगण्य असतो. पट्टी फाकली, काळी पडली आणि रोध समजा 0.3 ओहम झाला, तर करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे जवळपास 23 वॅट उष्णता तिथंच तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. म्हणजे प्लास्टिकच्या डबीत आपण चालू सोल्डरिंग आयर्न ठेवून दिल्यासारखं झालं! पट्टी तापली की तिची स्प्रिंग आणखी मऊ पडते, पकड आणखी सैल होते, आणि ती आणखी तापते. म्हणून प्लग खुळखुळत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. तो खुळखुळाट म्हणजे पुढच्या आगीची आगाऊ सूचना आहे.

आता मोबाइलकडे येऊ. जुना चपटा यूएसबी प्लग पहिल्यांदा लागत नाही, उलटा केला तरी लागत नाही, पुन्हा सुलटा केला की लागतो. हा अनुभव जगभरचा आहे. यूएसबी घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. दोन्ही बाजूंनी लागणारा प्लग केला असता तर तारा वाढल्या असत्या आणि खर्चही वाढला असता, असं त्यांनी नंतर सांगितलं. टाइप-सी हा 2014 चा. त्यात 24 संपर्कबिंदू अशा जुळणीने मांडलेत, की तो कसाही घाला, बसतोच. शिवाय झिजणाऱ्या स्प्रिंगा केबलच्या टोकात आहेत, म्हणजे आधी केबल खराब व्हावी, फोन नव्हे. तुमचा टाइप-सी हल्ली 'टक्' करत नसेल, तर बहुतेक वेळा फोनच्या भोकात खिशातला कचरा दाबून बसलेला असतो. फोन बंद करा आणि लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई घालू नका.

प्रत्येक जोडणीला घट्ट पकडच हवी, असंही नाही. ॲपलने 2006 साली लॅपटॉपला चुंबकाने चिकटणारा प्लग दिला. वायरीत पाय अडकला तर प्लग सुटतो, लॅपटॉप खाली पडत नाही. ही युक्ती त्याआधी जपानी स्वयंपाकघरात होती. उकळत्या भांड्याची वायर ओढली गेली तर भांडं अंगावर पडू नये म्हणून.

याच्या उलट शेतातली थ्री-फेज मोटार. तिला रोज लावायचा-काढायचा प्लग नसतोच. तारेला थिंबल दाबून बसवतात आणि स्टार्टरमध्ये स्क्रूने आवळतात. त्यातला एक स्क्रू सैल झाला आणि एक फेज गेला, तरी चालती मोटार लगेच बंद पडेल असं नाही. ती दोन फेजवर घरघरत राहते, जादा करंट ओढते, आणि रिले वेळेत पडला नाही तर वाइंडिंग जळतं. उसाला पाण्याची पाळी असताना मोटार जळणं म्हणजे काय, हे इथं बसलेल्यांना आम्ही काय सांगावं!

मग सगळ्यात समाधान देणारा प्लग कोणता? आमचं मत या माइकच्या एक्सएलआरला. गोल तोंड, तीन पिना, खाच एकच, त्यामुळे अंधारातही चुकत नाही. त्यातही अर्थची पिन आधी जुळते, म्हणून लावताना स्पीकरमधून कर्कश आवाज येण्याचा संभव कमी. मग खटका बसतो, आणि खटका दाबल्याशिवाय सुटत नाही. सीसीटीव्हीच्या केबलचा बीएनसी दुसरा. दाबा, पाव फेरा फिरवा, बसला. इंटरनेटच्या केबलचा आरजे-45 तिसरा असता. 'टिक्' छान करतो, पण त्याची प्लास्टिकची जीभ मोडली की सगळं गेलं.

मात्र 'खट्' झालं म्हणजे झालं, असं समजू नका. हलक्या मालाचं सॉकेटही आवाज करतं. म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. हीटर किंवा गिझर दहा मिनिटं चालवा, मग बटण बंद करून प्लगवर कोरडा हात ठेवा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, किंवा प्लग पिवळा-तपकिरी पडला असेल, तर तो वापरणं बंद करा. आणि नुसता टॉप बदलू नका. दोष बऱ्याचदा भिंतीतल्या सॉकेटमध्ये असतो, तेव्हा वायरमनला बोलावून तेही बदलून घ्या. त्याच वेळी अर्थिंगही तपासून घ्या, कारण पिन कितीही लांब असली तरी मागे तार जमिनीपर्यंत पोचलेली नसेल, तर ती पिन नुसती शोभेची.

आता प्रश्न असतील तर विचारा. माइक तुमच्याकडे देतो, केबल मात्र ओढू नका.