न्यू टाउन: कोलकात्याची 'नवी मुंबई'

कोलकाता विमानतळाजवळच न्यू टाउन आहे, बघाच! आपल्याकडे नवी मुंबई वसवायला १९७० साली सिडको आली, तशी तिथे १९९९ साली हिडको. तिथल्या राजारहाट भागातली शेतं-तळी घेऊन शहर आखलं; जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचा प्रश्न नवी मुंबईसारखाच तिथेही पेटला. माझी आवडती जागा इको पार्क. २०१२ साली खुला झाला, ४८० एकरांचा, त्यात शंभरेक एकर नुसतं पाणी! जमिनीला सोन्याचा भाव असताना एवढं तळं राखलं, याचं मला फार मोल वाटतं.

शेजारच्या सॉल्ट लेकमधलं सिटी सेंटरही चुकवू नका. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक, चार्ल्स कोरिया, यांची ही रचना. मॉल असूनही मधोमध उघड्या आभाळाखाली कुंड, पायऱ्यांवर कुणीही निवांत बसावं.