गुरूंच्या मागे कोण? : पंडित विनायकराव पटवर्धन यांचा परिचय

एखाद्या संस्थेस नवा धुरीण लाभला म्हणजे त्याचे नाव व हुद्दा सर्वांस तत्काळ कळतो. माणूस कळावयास मात्र अवकाश लागतो. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांच्या पश्चात गांधर्व महाविद्यालयाचे कार्य ज्या शिष्यांनी खांद्यावर घेतले, त्यांत विनायकराव पटवर्धन हे अग्रणी होत.

विष्णु दिगंबरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास हे विद्यालय स्थापिले. राजेरजवाड्यांच्या मर्जीवर न विसंबता फी, देणग्या आणि स्वतःच्या जलशांचे उत्पन्न यांवर ते चालवावयाचे, असा त्यांचा बाणा होता. भावी शिक्षकांसाठी निराळा उपदेशक वर्ग होता. त्यातील विद्यार्थी ठरावीक वर्षे गुरूपाशी राहण्याचा लेखी करार करीत. राहणे, जेवण व विद्या ही विनामूल्य मिळे. करार हा शब्द मॉरिशसमध्ये सहजी कानांवरून जात नाही. येथील पूर्वजांनी आंगठा उठविला तो उसाच्या मळ्यासाठी. लाहोरच्या मुलांनी सही केली ती तंबोऱ्यासाठी.

मिरजेचा विनायक १९०७ साली, वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी, या विद्यालयात दाखल झाला. पुढे विष्णु दिगंबरांनी मुंबईस विद्यालय काढले, मोठी इमारत उभारली. कर्जापायी ती लिलावात गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले, तेव्हा मागे उरले ते शिष्यच. त्यांनी त्याच वर्षी अहमदाबादेस एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. निरनिराळ्या गावी विखुरलेल्या वर्गांना एक अभ्यासक्रम व एक परीक्षा असावी, हा त्यामागील हेतू. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या पायऱ्या आज संगीताच्या विद्यार्थ्यांस पाठ असतात.

विनायकराव त्या वेळी कोठे होते? रंगभूमीवर! १९२२ पासून ते गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांसमवेत गात होते. नाव होते, प्रेक्षकांचे प्रेम होते. असा मनुष्य नाटकाचे थिएटर सोडून मुलांना सारेगम शिकवावयास बसेल, हे कोणास खरे वाटावे? परंतु गुरूंच्या निधनाला वर्ष होण्यापूर्वीच, १९३२ साली, त्यांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्यागाच्या गोष्टी आपल्याकडे अंमळ फुगवून सांगतात. येथे त्याची गरज नाही. पुढील चार दशकांचे अध्यापन पुरेसे बोलके आहे.

त्यांच्या नेतृत्वाचे मर्म ‘राग-विज्ञान’ या ग्रंथाच्या सात भागांत दिसते. जी बंदिश गुरू केवळ आवडत्या शिष्याच्या कानात सांगत असे, ती स्वरलिपीसह छापून कोणाही विद्यार्थ्यापुढे ठेविली. वर्गात शिकून थोर गवई होत नाहीत, असा आक्षेप अनेकांनी घेतला आणि तो सर्वस्वी खोटा नव्हे. तथापि तानसेन विरळाच जन्मतो. कानसेन मात्र शिकवून घडविता येतात, आणि त्यांच्यावाचून तानसेनाने गावे कोणासमोर? दिवसभर राबून संध्याकाळी बैठकीत मुलांना मराठीची अक्षरे गिरवावयास लावणारे मॉरिशसमधील गुरुजी हे सहज ओळखतील. त्यांच्यापाशीही ना सरकारी आधार होता, ना थोर कवी घडविण्याची प्रतिज्ञा.

विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीस गांधर्व महाविद्यालय काढले. विष्णु दिगंबरांचा पुत्र दत्तात्रेय पिता वारला तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. नारायणराव व्यास व विनायकराव यांनी त्याला शिकविले. पित्याकडून मिळालेली विद्या पुत्राच्या ओंजळीत परत घातली. दत्तात्रेय विष्णु पलुसकर म्हणून त्याने अवघ्या हिंदुस्थानास मोहित केले आणि १९५५ साली, चौतिसाव्या वर्षी, तो गेला. विनायकराव त्यानंतर वीस वर्षे शिकवीत राहिले. १९७२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. २३ ऑगस्ट १९७५ रोजी ते निवर्तले. पुण्याचे विद्यालय त्यांच्यामागेही चालू राहिले.