पळून सेंधव्याला? थांबा, आधी हे वाचा!

सिनेमातली जोडी गुंडांपासून पळते. आपल्याकडे जिवावर उठतात ते बऱ्याचदा घरचेच. शिरपूरशेजारच्या चोपड्यात एप्रिल २०२५ मध्ये, प्रेमविवाह केलेल्या मुलीवर वडिलांनीच हळदीच्या कार्यक्रमात गोळी झाडली. ती गेली.

म्हणून नुसती आग्रा रोडवरून सेंधव्याची गाडी पकडून भागत नाही. मुलगी १८ आणि मुलगा २१ पूर्ण असेल, तर लग्नाला घरच्यांची परवानगी लागत नाही. धमकी आली? ११२ फिरवा. पोलिसांत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष करा, सुरक्षित निवाऱ्याचा विचार करा, असं सुप्रीम कोर्टानं २७ मार्च २०१८ लाच सांगितलंय. आणि हो, विशेष विवाह कायद्याची नोटीस बोर्डावर लागते, ३० दिवस! घरच्यांना तिथूनच कळू शकतं. संरक्षण त्याआधीच मागा.