कॉमा श्वासासाठी नसतो

इंग्रजी वाचताना जिथे थांबतो तिथे कॉमा द्यायचा, हा समज शाळेपासूनच पक्का बसलेला असतो. थांबा आणि कॉमा पुष्कळदा एकत्र येतात खरे, पण कॉमाची जागा ठरते अर्थावरून. नार्वेचा सप्तकोटेश्वर घ्या.

गोव्याच्या कदंबांच्या या कुलदैवताचे जुने देऊळ दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडले आणि देव नदीपलीकडे, आजच्या डिचोली तालुक्यातल्या नार्वेत आला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली सुरू केला. शिलालेखात शके १५९० कोरलेले आहे.

म्हणजे देवळे दोन. 'द टेम्पल दॅट शिवाजी रिबिल्ट इज इन नार्वे' यात कॉमा नको, कारण 'शिवाजी रिबिल्ट' एवढ्यावरूनच दोहोंपैकी कोणते देऊळ ते कळते. पण 'द नार्वे टेम्पल, विच शिवाजी रिबिल्ट, इज ओपन' यात नार्वे म्हणताच देऊळ ठरले. पुढची माहिती जादाची, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना कॉमा. पहिला देऊन दुसरा विसरणे, ही वह्यांत सर्रास दिसणारी चूक.

दुसरा समज असा की वर्णन वाक्यात कुठेही चालते. 'द लिंगा ऑफ द टेम्पल वॉज टेकन टु नार्वे डिस्ट्रॉइड बाय द पोर्तुगीज' असे लिहिले की नार्वेच उद्ध्वस्त झाल्याचा अर्थ निघतो. एका गावाचा इतिहासच बदलतो! मराठीत 'पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळातले' म्हटले की प्रत्ययच नाते सांगतात. इंग्रजीत ते काम जागा करते, म्हणून वर्णन आपल्या नामाला चिकटूनच हवे: 'द लिंगा ऑफ द टेम्पल डिस्ट्रॉइड बाय द पोर्तुगीज वॉज टेकन टु नार्वे'. इथे कर्ता लांबला म्हणून 'वॉज'पूर्वी कॉमा देण्याचा मोह होतो. तोही चूकच, कर्ता कितीही लांबला तरी केवळ तेवढ्यासाठी त्याला क्रियापदापासून तोडत नाहीत.

तिसरा समज असा की मराठीतली रचना इंग्रजीत जशीच्या तशी चालते. 'फेरीबोटीने नदी ओलांडल्यावर देऊळ लांब नाही' हे मराठीत सहज खपते. तेच 'क्रॉसिंग द रिव्हर बाय फेरी, द टेम्पल इज नॉट फार' असे लिहिले तर नदी ओलांडणारे देऊळच ठरते. ओलांडणारा माणूस वाक्यात आणावा: 'वन्स यू क्रॉस द रिव्हर बाय फेरी, द टेम्पल इज नॉट फार'.