सिग्नल कुठे गळतो

तालुक्याच्या गावातून डोंगरापलीकडच्या वाडीला इंटरनेट हवेतून न्यायचे, तर दोन्ही टोकांच्या खांबांवर समोरासमोर डिश लावतात. बहुतेक दुवे 5 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात. 2018 पासून भारतात या पट्ट्याचा मोठा भाग विनापरवाना वापरता येतो. अंतर 8 किलोमीटर असेल, डिश चांगल्या असतील आणि मध्ये काही आड येत नसेल, तर सिग्नल उणे 60 डीबीएमच्या आसपास भरतो. जोडणीच्या दिवशीचा हा आकडा जाणता तंत्रज्ञ डिशच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवतो. पुढच्या वेळी खांबावर चढणारा माणूस दुसराच असू शकतो.

दुवा अचानक पडला की फोनवरून पहिला सल्ला मिळतो तो राउटर बंद करून चालू करण्याचा. गावकऱ्याचा अर्धा दिवस त्यात जातो आणि खांबावरचा बिघाड तसाच राहतो. खरी सुरुवात विजेपासून व्हायला हवी. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या जाळ्याचा आणि धरमशालेतल्या एअरजल्दीच्या जाळ्याचा अनुभव बर्कलेच्या संशोधकांनी 2008 मध्ये मांडला. त्यात खराब प्रतीची वीज हे बिघाडांचे मोठे कारण ठरले. दाब एकदम चढतो, रेडिओला नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा अडॅप्टर जळतो, आणि वाडीत मात्र ‘रेंज गेली’ एवढेच कळते.

वीज ठीक असेल तर आकडा वाचायचा. 3 डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी. उणे 60 चे उणे 80 झाले, तर शंभरावा हिस्सा उरला. वादळी रात्रीनंतर एवढी घट दिसली की डिश हलली असे धरून चालावे. मोठ्या डिशचा झोत जेमतेम पाच-सहा अंशांचा असतो. क्लॅम्प थोडा सरकला तरी पुरते. कमरेच्या पट्ट्याला लटकलेला मुलगा वर नट सैल करून डिश केसभर फिरवतो आणि फोनवर विचारतो, “आता किती?” पलीकडून आकडे येतात: अठ्ठ्याहत्तर, पंचाहत्तर, परत अठ्ठ्याहत्तर. पंचाहत्तरला नट आवळायचा मोह इथेच होतो. मुख्य झोताच्या बाजूंना दुबळे उपझोत असतात आणि त्यांच्यावरही असा छोटा कळस सापडतो. पाठीवर उणे 60 लिहिलेले असेल, तरच तो पुढे शोधत राहतो. या कामातले कसब सगळ्यात जास्त इथे लागते, आणि त्याची मजुरी सगळ्यात कमी मोजली जाते.

वारा नसताना जून-जुलैत सिग्नल बसला, तर झाडांकडे बघावे. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो. तेव्हा जोडलेला दुवा मोकळा वाटतो. पहिल्या पावसानंतर तीच रुंद पाने ओली होऊन आड येतात. नेहमीचा पाऊस स्वतः एखाददुसरा डेसिबलच खातो. समोरची डिश नुसती दिसणे पुरत नाही: 8 किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे 6 मीटर जागा मोकळी लागते.

रेडिओवर लहरींच्या आडव्या आणि उभ्या ध्रुवणाचे आकडे वेगवेगळे दिसतात. एकच खाली गेला असेल, तर बहुधा त्या बाजूच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलेले असते. तो कापून नवा लावावा, वर रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते. दोन्ही आकडे जागेवर असूनही वेग मेला असेल, तर बहुधा जवळच कोणीतरी त्याच चॅनलवर नवा रेडिओ लावलेला असतो. अशा वेळी दोन्ही टोकांचा गोंगाट मोजून चॅनल बदलावा. डिशला हात लावू नये.