चॅटबॉट पाच मिनिटांत हेस्टन मॉडेलचा कोड लिहून देतो, पण त्यातून आलेले आकडे खरे असतात का?

ऑप्शन चेन उघडली की प्रत्येक स्ट्राइकसमोर आयव्ही नावाचा रकाना दिसतो. निफ्टी तोच, एक्सपायरी तीच, तरी हा आकडा प्रत्येक स्ट्राइकला वेगळा. बाजारभावापेक्षा बऱ्याच खालच्या पुटचा तर चांगलाच जास्त. असं का होतं?

१९७३ मध्ये फिशर ब्लॅक आणि मायरन स्कोल्स यांनी ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र मांडलं. त्यात धरलं होतं की व्होलॅटिलिटी, म्हणजे भाव वर-खाली होण्याचं प्रमाण, कायम सारखंच राहतं. मग १९ ऑक्टोबर १९८७ उजाडला. अमेरिकेचा डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. त्यानंतर पडझडीपासून वाचवणाऱ्या पुटसाठी लोक जास्त पैसे मोजायला लागले आणि आयव्हीचा आलेख तिरका झाला तो झालाच.

१९९३ मध्ये स्टीव्हन हेस्टन यांनी यावर तोडगा काढला. व्होलॅटिलिटी स्वतःच हलते असं धरायचं. त्यासाठी पाच आकडे लागतात. आजचा व्हेरियन्स, त्याची लांब पल्ल्याची सरासरी म्हणजे थीटा, सरासरीकडे परत येण्याचा वेग म्हणजे कप्पा, व्होलॅटिलिटी स्वतः किती उड्या मारते तो सिग्मा, आणि भाव व व्होलॅटिलिटी यांचं नातं सांगणारा रो. बाजार पडला की भीती वाढते, म्हणून इंडेक्ससाठी रो साधारण मायनसमध्येच येतो.

हे पाच आकडे बाजारातल्या किमतींवरून उलटे शोधायचे, यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. जुन्या रेडिओचं बटण फिरवून स्टेशन पकडायचे ना, तसंच. फक्त इथे बटणं पाच आहेत आणि सगळी एकाच वेळी फिरवायची आहेत.

पूर्वी हे काम बँकांच्या क्वांट टीमचं होतं. आता चॅटबॉटला सांगितलं की पायथनचा कोड हजर. कोड चालतो, आलेख छान जुळतो, चॅटबॉट शाबासकीही देतो. खरी गडबड इथून सुरू होते.

पहिली चूक अगदी साधी असते. हेस्टन मॉडेलला व्होलॅटिलिटी नाही, तिचा वर्ग लागतो. इंडिया व्हिक्स १५ असेल तर व्हेरियन्स ०.०२२५ होतो. तिथे ०.१५ टाकलं तर मॉडेल जवळपास ३९ टक्के व्होलॅटिलिटी धरून बसतं. कोड एररसुद्धा देत नाही.

दुसरी भानगड सूत्राची. हेस्टन यांच्या मूळ मांडणीत कॉम्प्लेक्स लॉगरिदम असा येतो की लांबच्या एक्सपायरीच्या किमती चुकू शकतात. तेच सूत्र थोडं फिरवून लिहिलं की अडचण जाते. क्वांट मंडळी याला 'लिटल हेस्टन ट्रॅप' म्हणतात. कोडमध्ये यातली कोणती मांडणी वापरली आहे, हे चॅटबॉटला स्पष्ट विचारलेलं बरं.

पण सर्वात मोठी अडचण कोडमध्ये नसते, डेटामध्ये असते. समजा फक्त या आठवड्याच्या एक्सपायरीचे भाव दिले आणि कप्पा २ आहे. सात दिवसांत व्हेरियन्स आणि त्याची सरासरी यांच्यातलं अंतर जेमतेम ४ टक्के भरून निघतं. मग एवढ्यावरून कप्पा आणि थीटा कळणार कसे? कोड तरीही आकडे देतोच, आणि ते बऱ्याचदा सुरुवातीला अंदाज म्हणून टाकलेल्या आकड्यांच्या आसपासच असतात. आलेख मात्र सुंदर जुळलेला. म्हणून महिन्याच्या आणि त्यापुढच्या एक्सपायरीही द्याव्या लागतात. शिवाय दूरच्या स्ट्राइकचा शेवटचा सौदा तासाभरापूर्वीचा असू शकतो, त्यामुळे भाव बिड आणि आस्क यांच्या मधला घ्यायचा.

मग तपासायचं कसं? आधी पाच आकडे स्वतःच ठरवायचे, त्यावरून ऑप्शनच्या खोट्या किमती काढायच्या आणि त्या कोडला द्यायच्या. तेच पाच आकडे परत आले तर ठीक. नाही आले तर खऱ्या बाजाराकडे जायचंच नाही. सिग्मा जवळपास शून्य आणि आजचा व्हेरियन्स थीटाइतका ठेवला की उत्तर ब्लॅक-स्कोल्सशी जुळायलाच हवं. हेही चॅटबॉटकडूनच करून घेता येतं, फक्त मागावं लागतं. नंतर वेगवेगळे सुरुवातीचे अंदाज टाकून पाहायचं. एकदा कप्पा २ आला, एकदा ९, आणि आलेख दोन्हीकडे तितकाच जुळला, तर त्या कप्पावर पैसे लावण्यात अर्थ नाही.

पैशांचा विषय निघालाच आहे तर सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यासही पाहा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर.

सगळं नीट जुळलं तरी हेस्टन मॉडेलची एक मर्यादा उरतेच. त्यात भाव सलग सरकतो, अचानक उडी घेत नाही. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास ६ टक्के पडला. असा दिवस तोंडावर असताना आठवड्याच्या एक्सपायरीचं दूरचं पुट या मॉडेलला स्वस्तच वाटू शकतं. १९९६ मध्ये डेव्हिड बेट्स यांनी मॉडेलमध्ये या उड्याही जोडल्या. तिथे मात्र फिरवायची बटणं पाचाची आठ होतात.